घरी डंबेल्सचा व्यायाम: खांदे, पाठ, छाती आणि दंड यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावातून, तालुक्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तेच इथे घेतले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. बीपी, साखर, बाळंतपण, सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) यांपैकी काही असेल तर आधी प्रश्न १५ ते १८ वाचा, मग वर या.

१. डंबेल्स मारल्यानं दंडाखाली लोंबणारी चरबी जाते का?

ज्या जागी व्यायाम केला त्याच जागेची चरबी वितळते असं होत नाही. चरबी कुठून आधी कमी होणार हे शरीराचं शरीर ठरवतं, त्यात आनुवंशिकताही येते. ‘टोनिंग’ म्हणतात त्यात खरं तर दोन कामं असतात: आतला स्नायू भरणं आणि वरचा चरबीचा थर थोडा पातळ होणं. पहिलं काम डंबेल्स करतात. दुसरं ताटावर आणि चालण्या-फिरण्यावर अवलंबून असतं.

दंडाचा निम्म्याहून जास्त भाग मागच्या स्नायूचा, म्हणजे ट्रायसेप्सचा असतो. म्हणून रोज नुसते कर्ल (कोपर मोडून वजन खांद्याकडे आणणं) मारणाऱ्याचा दंड मागून ढिला तो ढिलाच राहतो. ताकदीतला फरक ३–४ आठवड्यांत कळतो, आरशात दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

२. बाईमाणसाचे हात पुरुषासारखे होतात काय?

नाही. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बायकांत पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं. ब्लाउजची बाही घट्ट होण्याच्या भीतीनं अर्धा किलोचं वजन पन्नास-पन्नास वेळा हलवत बसणं, यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

३. आम्ही दिवसभर वावरात राबतो, मंग हे डंबेल्स कायले पाह्यजेत?

निंदण, वेचणी, सोंगणी या कामांत हात पुढे, मान खाली आणि पाठ वाकलेली असते, तीही तासन्‌तास. त्यानं दम वाढतो, चिवटपणा येतो. पण वजन हलकं आणि हालचाल तीच ती, म्हणून स्नायूला नवीन ताकद कमवायचं कारण मिळत नाही. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो होतं, पण ते पाठीवर टांगलेलं असतं, हातांनी उचललेलं नसतं. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चालताना मान दाबली जाते, खांद्याला काम कमीच.

या कामांत दोन हालचाली जवळजवळ येतच नाहीत: वजन डोक्यावर ढकलणं, आणि कोपर मागे नेऊन पाठीची पाती एकमेकांकडे ओढणं. वावरातल्या माणसाला दुसरी हालचाल जास्त लागते, कारण खांदे आधीच पुढे गोल झालेले असतात. म्हणून आमचा हिशेब असा: ढकलण्याचे जितके व्यायाम, निदान तितके ओढण्याचे. शहरी तक्त्यांत याच्या उलट असतं, ते डोळे मिटून उचलू नका.

४. किती किलोचे घ्यावेत?

बायकांनी २–३ किलोची जोडी, पुरुषांनी ५ किलोची, साठीपुढच्यांनी १ किलोपासून. पण हा फक्त अंदाज आहे, खरी कसोटी वेगळी. व्यायाम १२ वेळा करा. आणखी दहा सहज झाले असते असं वाटलं तर वजन हलकं आहे. आठच्या आत अंग वाकडं व्हायला लागलं तर जड आहे. आणखी दोन-तीनच जमले असते अशा ठिकाणी थांबायची वेळ येते ते वजन तुमचं. या पानावर वजनाबद्दल जे काही पुढे आहे ते या एका कसोटीवरच उभं आहे.

सगळ्या व्यायामांना एकच वजन चालत नाही. ओढायला ५ किलो उचलणाऱ्याला हात बाजूला उचलायला २ किलोही पुष्कळ होतात. म्हणून प्लेटा काढता-घालता येणारी रॉडची जोडी जास्त दिवस पुरते. रॉडचे नट प्रत्येक सेटच्या (न थांबता केलेल्या एका फेरीच्या) आधी हातानं आवळून पाहा. डोक्यावर असताना प्लेट सुटली तर ती तोंडावर येते.

५. विकत घ्यायचे नसतील तर बाटल्या, विटा चालतात का?

बाटल्या चालतात. १ लिटरच्या बाटलीत पाणी भरलं की १ किलो, कोरडी रेती भरली की साधारण दीड किलो, ओली ठासली तर त्याहून जास्त. काठोकाठ भरा, कारण अर्धवट पाणी आत हिंदकळतं आणि मनगट झटके खातं. दोन्ही बाटल्या किराण्याच्या काट्यावर तोलून घ्या. २ लिटरची थंड्याची बाटली मुठीत नीट बसत नाही. त्यापेक्षा कडीवाली ५ लिटरची तेलाची कॅन घ्या, पाणी भरून ओढण्याच्या व्यायामाला ती उत्तम.

वीट वापरू नका. अडीच-तीन किलोची असते, पण तिला मूठ नसते आणि घामेजल्या हातातून थेट पायावर येते.

डब्यात सिमेंट ओतून घरी डंबेल करणारे बरेच आहेत. त्यात नेहमी एकच चूक होते: गुळगुळीत पाइप तसाच सिमेंटमध्ये उभा करतात. महिनाभरात डबा पाइपावर फिरायला लागतो आणि एक दिवस निसटतो. पाइपाच्या दोन्ही टोकांना आरपार भोक पाडून बोल्ट घाला, तो बोल्ट सिमेंटमध्ये गाडला गेला पाहिजे. एक बाजू घट्ट झाल्यावर दुसरी ओता, आणि आठवडाभर पाणी मारल्याशिवाय उचलू नका.

६. नेमके कोणते व्यायाम करायचे? क्रमानं सांगा.

आधी ५ मिनिटं अंग मोकळं करा: हात गोल फिरवणं, भिंतीवर १० जोर (पुश-अप), आणि पहिला व्यायाम अगदी हलक्या वजनानं एकदा. मग पुढचे सहा.

एका हातानं ओढणं (रो). दिवाणावर किंवा ओट्यावर डावा हात टेकवा, गुडघे थोडे वाकवा, पाठ सपाट ठेवा. उजव्या हातात वजन सरळ खाली लोंबू द्या. कोपर कमरेच्या दिशेनं वर न्या, खांद्याच्या दिशेनं नको. कोपर पाठीच्या रेषेत आलं की क्षणभर थांबा आणि तीन मोजत खाली सोडा. छाती छताकडे वळायला लागली तर वजन जड आहे. पोत्याला हिसका मारायची सवय असलेले इथेही हिसकाच मारतात आणि मग कंबर धरून बसतात.

जमिनीवर पडून वर ढकलणं (फ्लोअर प्रेस). सतरंजीवर उताणं, गुडघे उभे. कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांवर. खांद्याच्या सरळ रेषेत पसरली की खांद्याचा सांधा चिमटतो. कोपर जमिनीला हलकेच टेकलं की परत वर. बाजेवर हा व्यायाम करू नका. नवारीला झोळ असतो, त्यात खांदे पुढे गोळा होतात आणि कोपर गरजेपेक्षा खाली जातं.

डोक्यावर ढकलणं (शोल्डर प्रेस). वजनं कानाच्या उंचीला, कोपरं थोडी पुढे, पोट आणि नितंब आवळलेले. सरळ वर ढकला. कंबर मागे वाकायला लागली की सेट संपला असं समजा. टिनाच्या खोलीत पंखा हाताशी येतो, तिथे स्टुलावर बसूनच करा.

वाकून हात बाजूला उघडणं (रिअर फ्लाय). कमरेतून पुढे वाका, कोपरं किंचित मोडलेली, हात पंखासारखे बाजूला. वजन कमीत कमी. हा ओढण्याचा दुसरा व्यायाम, आणि लोक नेमका हाच गाळतात.

मागचा दंड (ट्रायसेप्स). जमिनीवर उताणं पडून हात छताकडे सरळ करा, मग फक्त कोपरातून वाकवत वजनं कानाच्या बाजूला आणा आणि परत सरळ करा. कोपरं फाकू देऊ नका.

कर्ल. कोपर बरगडीला चिकटलेलं, तळवा वर. कंबरेचा झोका द्यावा लागला तर शेवटचे दोन दंडानं केलेले नाहीत, ते मोजू नका. कर्ल शेवटी ठेवा, कारण ओढण्यात हाच स्नायू लागतो आणि तो आधीच थकला तर पाठीला काम उरत नाही.

हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणं (लॅटरल रेज) हे हवं तर जोडा. खांद्याच्या वर नेऊ नका, आणि अंगठा खाली वळवू नका.

७. किती वेळा, किती सेट, आठवड्यात किती दिवस?

१० ते १५ वेळा, सुरुवातीला २ सेट, महिन्याभरानं ३. दोन सेटमध्ये ६० ते ९० सेकंद थांबा. आठवड्यात २ किंवा ३ दिवस, मध्ये निदान एक दिवस रिकामा. सोमवार-गुरुवारसुद्धा चालतो. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. रोज करून लवकर होत नाही, स्नायू भरतो तो विश्रांतीच्या दिवशी.

८. वजन कधी वाढवायचं? आणि जास्त वजन घरात नसेल तर?

सगळे सेट १५-१५ वेळा, अंग वाकडं न करता, व्यायामाच्या सलग दोन पाळ्यांत जमले की अर्धा ते एक किलो वाढवा. वेळा पुन्हा १० वर येतील, तसंच व्हायला हवं.

वजन नसेल तर चार वाटा आहेत: खाली सोडताना तीनऐवजी पाच मोजा, वर नेऊन दोन सेकंद थांबा, दोन्ही हातांची वजनं एका हातात बांधून एकेका हातानं करा, किंवा सेटमधली विश्रांती ४५ सेकंदांवर आणा. ३० वेळांच्या पुढे गेलं तरी जड वाटत नसेल तर मात्र चुंगडीत ८–१० किलो रेती भरून, तोंड घट्ट बांधून ओढायला घ्या.

९. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा?

जोर लावताना सोडायचा, वजन खाली येताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात चढतो. ज्यांना बीपी आहे त्यांनी हे विशेष सांभाळा (प्रश्न १५).

१०. आमच्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर जाते. तेव्हा काय करायचं?

पहाटे साडेपाच-सहाला करा. संध्याकाळी करायचं तर टिन आणि भिंती निवल्यावर, नाहीतर बाहेर गार आणि आत भट्टी अशी गत असते. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका, पण खोलीत हवा खेळती असू द्या. लोखंडी डंबेल अंगणात ठेवलं तर दुपारी हात भाजेल इतकं तापतं.

आधी एक पेला पाणी, मध्ये घोट घोट, नंतर मठ्ठा किंवा पन्हं. फार घाम गेला असेल तर १ लिटर पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट). डोकं गरगरलं, मळमळलं किंवा घाम यायचा थांबला तर लगेच सावलीत, अंगावर ओलं कापड, आणि बरं वाटेना तर दवाखाना.

फवारणीच्या दिवशी व्यायाम नको. औषधाचा त्रासही मळमळ, घाम, गरगर असाच सुरू होतो, आणि तो थकवा समजून अंगावर काढला तर जिवावर बेततं.

११. खायचं काय? पावडर घ्यावी लागते का?

वजनाचा व्यायाम करणाऱ्याला अंगाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८८ ग्रॅम. आपल्या ताटातून हे असं निघतं: दोन वेळच्या वरणात मिळून ८० ग्रॅम तूरडाळ (१७–१८ ग्रॅम प्रथिनं), दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (२०), ५० ग्रॅम फुटाणे (१०–११), ३० ग्रॅम शेंगदाणे (७), पाव लिटर दूध (८). झाले ६२–६४. वर दोन अंडी (१२) किंवा ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीची भाजी (१५) घेतली की हिशेब पुरा. पावडरची गरज नाही.

अडतं ते पातळ वरणाशी. चार माणसांत एक वाटी डाळ आणि वर भगोणंभर पाणी, त्यातून प्रत्येकाला ७–८ ग्रॅमही येत नाहीत. वरण घट्ट करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. घरचं सोयाबीन असेल तर कच्चं पीठ खाऊ नका, ते पचत नाही. उकडून वाळवून किंवा भाजून दळा, आणि आठ-नऊ वाट्या कणकेत एक वाटी मिसळा.

किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं आपल्या मनानं वाढवू नयेत, डॉक्टर सांगतील तेवढीच.

१२. दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही इतकं दुखते. बंद करू का?

व्यायामानंतर १ ते ३ दिवस स्नायूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं साहजिक आहे. हलकं चाला, हात हलवत राहा, पुढची पाळी एक दिवस ढकला, आणि वजन तेच ठेवून एकच सेट करा.

सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूचं दुखणं, हाताला मुंग्या, रात्री झोपमोड करणारा खांदा, यांपैकी काही असेल तर तो व्यायाम थांबवा. लघवी चहाच्या रंगाची झाली आणि हात सुजून कडक झाले तर घरी न थांबता दवाखाना गाठा. फार मारा केल्यावर स्नायू फुटून किडनीवर येऊ शकतं. छातीत दाब येऊन डाव्या हातात कळ गेली तर तो व्यायामाचा प्रश्नच नव्हे, १०८ लावा.

१३. व्यायाम खांद्याचा करतो, दुखते मात्र मान आणि मनगट. असं काऊन?

मान दुखते ती खांदे कानाकडे चढवल्यामुळे. प्रत्येक वेळेआधी खांदे मुद्दाम खाली सोडा, तरी चढत असतील तर वजन कमी करा. मनगट दुखतं ते मूठ मागे मोडल्यामुळे. डंबेल बोटांकडे नको, तळव्याच्या टाचेवर घ्या, आणि मूठ-मनगट-कोपर एका रेषेत ठेवा.

१४. वेचणीच्या हंगामात वेळच नसतो. घरी आजोबांचे मुद्गल आहेत, ते फिरवले तर चालेल का?

हंगामात आठवड्यातून एकच दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण वजन कमी न करता. कमावलेली ताकद टिकवायला तेवढं पुरतं. त्या दिवसांत वाकून करायचे व्यायाम उभ्यानं करा: दाराच्या कडीला किंवा खांबाला जुनी सायकल-ट्यूब अडकवून ओढा, दिवसभर वाकलेल्या कमरेला पुन्हा वाकवू नका.

मुद्गल चांगलेच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून देशी व्यायामाची परंपरा धरून ठेवली आहे ती उगाच नाही. खांदा सगळ्या बाजूंनी मोकळा होतो, पकड येते. पण वजन मुठीपासून लांब असल्यानं ३ किलोचा मुद्गल ३ किलोच्या डंबेलपेक्षा बराच जड जातो, आणि घरातले जुने मुद्गल तर पैलवानाच्या मापाचे असतात. आधी हलक्या जोडीनं शिका. ओढण्याच्या व्यायामाची जागा मात्र मुद्गल घेत नाहीत.

१५. बीपी, साखर असेल तर?

दोन्ही ताब्यात असतील तर हा व्यायाम फायद्याचाच आहे. बसल्या जागी बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर त्या दिवशी नको. १२–१५ वेळा जमेल असं हलकं वजन घ्या, श्वास कोंडू नका.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर एक केळं खाऊन मग सुरू करा. उपवासाच्या दिवशी, विशेषतः निर्जळी असेल तर, व्यायाम सोडा. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास झालेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन उचलू नका.

१६. बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं?

साधं बाळंतपण असेल तर अंगाला बरं वाटल्यावर हलक्या हालचाली, आणि साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर वजनं. सिझर, गर्भपिशवी काढणं, हर्निया यांत टाका आतून भरायला जास्त वेळ लागतो, तेव्हा डॉक्टरांची परवानगी घ्या आणि बसून करायच्या व्यायामांपासून सुरुवात करा. जोर लावताना टाक्याजागी फुगवटा आला किंवा खालून दाब जाणवला तर थांबा. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून उताणं पडून करायचे व्यायाम बंद, ते भिंतीवरच्या जोरांनी भरून काढा.

१७. हात खांद्याच्या वर जातच नाही. जबरीनं न्यायचा का?

नाही. साखरेच्या रोग्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि तो ओढून-ताणून सुटत नाही, उलट सुजतो. दुखण्याच्या अलीकडे थांबा, दुखरा हात लोंबता ठेवून हलके झोके द्या, ओढण्याचे व्यायाम कमरेच्या उंचीवर करा.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या माणसाची मान, पाठ आणि खांदे सगळेच ताठ होत असतील आणि दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील, तर व्यायाम बदलून काही होणार नाही. पाणी तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

१८. सिकलसेल आहे. वजनं उचलता येतात का?

आपल्या भागात हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. नुसते वाहक (एएस) असाल तर बहुतेकांना व्यायामाची मनाई नसते, पण तीन गोष्टी टाळा: तहानेल्या अंगानं करणं, उन्हात करणं, आणि पैजेवर दम तुटेपर्यंत मारणं. सेटमधली विश्रांती दोन-तीन मिनिटांची ठेवा, आणि वजन हळूहळू वाढवा. व्यायाम करताना स्नायू अचानक ढिले पडून दुखायला लागले तर तिथेच थांबा, पाणी प्या आणि दवाखान्यात वाहक असल्याचं आधी सांगा.

रुग्ण (एसएस) असाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नका. दुखण्याचा झटका येऊन गेल्यावर लगेच नको, थंडीच्या कडाक्यात अंग उबदार ठेवूनच करा. खांद्यात किंवा मांडीच्या सांध्यात सततचं दुखणं असेल तर आधी तो सांधा तपासून घ्या, कारण या आजारात हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वाहक आहात की रुग्ण हेच माहीत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीबद्दल विचारा.

१९. पोरगा तेरा वर्षांचा आहे, मागं लागला आहे. उंची खुंटते म्हणतात?

नीट शिकवलं आणि मोठं माणूस समोर असलं तर हलक्या वजनानं उंची खुंटत नाही. १२–१५ वेळा, आठवड्यात दोन दिवस, आणि ‘एकदाच किती उचलतो ते दाखव’ ही शर्यत अजिबात नको. जोर आधी जमू द्या.

२०. पोलीस भरतीच्या गोळ्यासाठी डंबेल्सचा उपयोग होतो का?

होतो, पण एकट्यानं पुरत नाही. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. तो लांब जातो पायांच्या धक्क्यानं आणि कमरेच्या वळणानं, हात शेवटी येतो. प्रश्न ६ मधलं डोक्यावर ढकलणं आणि फ्लोअर प्रेस ६ ते ८ वेळांच्या जड सेटनं करा, त्याला वजन घेऊन बैठका जोडा, आणि आठवड्यात दोन दिवस प्रत्यक्ष गोळा फेका. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा आणि मानेला चिकटवून ठेवायचा. चेंडूसारखा फेकणाऱ्यांचं कोपर दुखतं ते याच कारणानं. चाचणीच्या आधीचे तीन-चार दिवस डंबेल्स बाजूला ठेवा.